राहिलेले दोन पुकारे

शामुवेल साळवे या माणसावर मी बावीस वर्षं संशय घेतला. आधी थोडा, मग पुष्कळ आणि शेवटी शेवटी नुसता सवयीनं. ते आमच्या कोर्टात पट्टेवाले होते आणि मी बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशसाहेबांच्या डायसखाली बसून कोणत्या दाव्यात आज काय झालं ते लिहिणारा कारकून. त्या लिहिण्याला रोजनामा म्हणतात. मामा दारात उभे राहून नावं पुकारायचे, मी आत बसून लिहायचो. सगळे त्यांना मामा म्हणत म्हणून मीही म्हणे. ते मला भाऊसाहेब म्हणत, कारण सोलापुरात सरकारी कारकून म्हटला की तो भाऊसाहेबच.

ज्यांचं कोर्टाशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दाव्याचा नंबर आला की पक्षकाराचं नाव दारातून तीनदा पुकारायचं. तीन पुकाऱ्यांत माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि दावा लावणाराच गैरहजर असला तर दावा काढून टाकतात. बाकीचे पट्टेवाले तीन पुकारे एका दमात उरकायचे, बाहेरच्याला तो एकच वाटायचा. मामा आधी रुमालानं तोंड पुसायचे. पहिला पुकारा जिन्याकडे तोंड करून, दुसरा कँटीनकडे, तिसरा लिंबाच्या झाडाकडे. मध्ये ते थांबायचे आणि त्या थांबण्याचा वकिलांना फार राग यायचा.

"मामा, उरका की, मला दुसऱ्या कोर्टात जायचंय," एक वकील एकदा म्हणाले.

"म्हातारं मानूस जिना चढतंय सायेब. त्येला गुडघं हायत," मामा म्हणाले आणि आपल्या वेळेनं तिसरा पुकारा केला.

उंच, काटकुळे, कानाच्या पाळ्या मोठ्या. पांढरा गणवेश त्यांच्या पत्नी रूथमामी घरी निळीत घालायच्या, त्यामुळे तो पांढऱ्यापेक्षा निळसरच दिसायचा. डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. जेवायच्या आधी ते डोळे मिटून पुटपुटायचे आणि ते पुटपुटणं जेवणापेक्षा लांब चालायचं. मला तेव्हाच वाटलं होतं, एवढ्या भाकरीला एवढी प्रार्थना कशाला, या माणसाच्या मनात दुसरंच काहीतरी असणार.

माझा स्वभावच तसा आहे. दूधवाल्यानं हसून नमस्कार केला की मी दुधात बोट बुडवून बघतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातसुद्धा पुजाऱ्याच्या हाताकडे बघता, देवाकडे नाही. आमचं आडनावच पुजारी आहे हे ती विसरते. तेव्हा मामांसारखा माणूस, जो उठता बसता शेवटच्या न्यायाच्या गोष्टी करायचा, तो मला सरळ वाटणं शक्यच नव्हतं. मेल्यानंतर देवासमोर उभं राहावं लागेल, केलेलं सगळं विचारलं जाईल, हे ते ज्या तऱ्हेनं बोलायचे त्यावरून मी एक अंदाज बांधला होता. ज्यानं काही केलेलं नाही त्याला चौकशीची एवढी काळजी नसते.

मेलेल्या माणसाचं नाव ते पुकारत नसत. आमच्याकडे दावे वीस वीस वर्षं चालतात. मधेच पक्षकार मरतो, वारसांची नावं लागायला वेळ जातो आणि तोवर यादीत मेलेल्याचंच नाव येत राहतं. मी नाव सांगितलं की मामा जागचे हलायचे नाहीत.

"ह्ये गेले, भाऊसायेब."

"कागदावर आहेत ना? पुकारा."

"न्हाय. त्यास्नी अजून एक पुकारा व्हायचाय, त्यो आपला न्हवं. आपन मधी तोंड घालायचं न्हाय."

साहेब हसायचे आणि पुढचा दावा घ्यायचे. मला हसू यायचं नाही. कोण मेलं आणि कोण जिवंत आहे ही माहिती या माणसाकडे कोर्टाच्या आधी कशी येते, हा प्रश्न मला पडायचा.

एकदा आमच्या ऑफिसातल्या निवृत्त टायपिस्ट बाई वारल्या. त्या मामांच्याच मंडळीतल्या, म्हणजे त्यांच्याच चर्चच्या. दफनभूमीत आम्ही चारपाच कोर्टाची माणसं मागं उभे होतो. चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले की आपली भगिनी आता प्रभूच्या सान्निध्यात आहे. मामा माझ्या कानाशी वाकले.

"इतक्यात? सकाळी तर गेल्यात. अजून तारीखबी लागली नसंल."

मला हसू आवरेना. परत येताना रिक्षात मी त्यांना विचारलं की तुमच्यात नेमकं काय मानतात. ते म्हणाले, मंडळीत दोन मतं आहेत. पाळकसाहेब म्हणतात माणूस गेला की लगेच त्याचं काय ते ठरतं. मामांना ते पटत नव्हतं. त्यांच्या मते मेलेली माणसं झोपून राहतात आणि शेवटच्या दिवशी सगळी एकदम उठतात.

"एकाचं आधी आयकून घेऊन निकाल लावायचा आनि ज्याच्यासंगं त्यो वागला ती मानसं अजून हितंच? सगळे पक्षकार हजर झाल्याबिगर कसं चालंल ते?" ते म्हणाले. मग सात रस्ता येईपर्यंत बाहेर बघत बसले. मी मनात नोंद केली की या माणसाला एखाद्या विशिष्ट पक्षकाराची धास्ती आहे.

पण तेव्हा तसा कोणी पक्षकार नव्हता. तो नंतर आला.

सोनाबाई उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावची. धरणाच्या पाण्यात वडिलांची निम्मी जमीन गेली आणि उरलेलीला त्याच पाण्यावर मोटारी बसल्या. केळी आली, ऊस आला, दोन भावांच्या दारात ट्रॅक्टर आला आणि विधवा बहीण त्यांना परकी वाटायला लागली. तिनं हिश्श्याचा दावा लावला होता. त्या दिवशी तिची साक्ष होती. तिचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. सकाळी मी तिच्या थोरल्या भावाला कँटीनपाशी मामांशी बोलताना पाहिलं होतं. दोघांच्या हातात चहाचे कप होते.

तिच्या दाव्याचा नंबर आला. मी नाव सांगितलं, मामा दारात गेले. एक पुकारा झाला, तो मी ऐकला. दुसरा आणि तिसरा मी ऐकला नाही. पण रोजनाम्यात माझ्या हातानं लिहिलं होतं, 'तीन वेळा पुकारा केला असता वादी गैरहजर.' खरं म्हणजे पहिला पुकारा चालू असतानाच मी ती ओळ लिहून टाकली होती. आम्हा कारकुनांच्या हाताला त्या ओळीची इतकी सवय असते की हात पुकाऱ्याच्या पुढं धावतो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "आहे का वादी?" मी म्हणालो, "नाही, साहेब." दावा काढून टाकला.

बाराच्या सुमाराला ती दारात आली. डोक्यावरचा पदर ओला होता. पहाटेच्या एसटीनं आलेली, उन्हानं डोकं चढलं म्हणून रेकॉर्ड रूमच्या मागच्या नळावर तोंड धुवायला गेली होती.

"माजा पुकारा झाला का वो, भाऊसायेब?"

"झाला. तीनदा झाला," मी म्हणालो.

"मी तर हितंच हुते की. मागल्या अंगाला. एकबी आला न्हाय कानावर."

मामा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली फरशीकडे. ते पाहणं मी ओळखलं. मी तिथंच ठरवलं की भावाचा चहा पिऊन या माणसानं दोन पुकारे गिळले.

असा दावा परत उभा करता येतो, फक्त महिन्याभरात अर्ज करावा लागतो. तिच्या वकिलांनी अर्ज तयार केला आणि सहीला बोलावणं पाठवलं. पण ती गावी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. भावांनी तिला सांगितलं, कोर्टानं तुला हाकलून दिलं, आता काही उरलं नाही, गुमान अंगठा दे आणि चोळीबांगडी घेऊन राहा. तिनं हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा दिला. वकील बार रूममध्ये चिडून बोलले की पुकारा झालाच नव्हता आणि ते बोलणं साहेबांच्या कानावर गेलं. साहेबांनी आम्हा दोघांना चेंबरमध्ये बोलावलं.

"मी लिहिण्यात होतो साहेब. मामा म्हणाले तीन झाले, म्हणून लिहिलं," मी म्हणालो.

मामा तसं काही म्हणाले नव्हते. तेव्हा मला ते खोटं बोलणं वाटलंसुद्धा नाही. मामांनी दोन पुकारे गिळले याची मला खात्री होती, आणि खात्री असलेल्या गोष्टीला थोडा टेकू दिला तर काय बिघडलं, असं मला वाटलं.

साहेबांनी मामांना विचारलं, "किती पुकारे केले?"

"एक."

"आणि दोन का नाही केले?"

मामा बोलले नाहीत. साहेबांनी दोनदा विचारलं, तरी बोलले नाहीत. त्यांची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. कँटीनमध्ये मला लोक विचारायचे, काय हो पुजारी, खरंच का? मी म्हणायचो, मला काय माहीत, त्यांनाच विचारा. एवढ्यानं काम भागलं. पुढं मामांच्या टेबलावर चहा ठेवायलासुद्धा माणसं कचरू लागली.

रेकॉर्ड रूमच्या धुळीत मामांनी दोन वर्षं काढली. मग नवे साहेब आले, त्यांना पुकारणारा कोणी पसंत पडेना, आणि मामा परत दारात आले. आता त्यांना एक नवीन खोड लागली होती. कोर्ट बसायच्या आधी ते यादीची प्रत घेऊन आवारभर फिरायचे आणि पक्षकारांशी हळू आवाजात बोलायचे. म्हाताऱ्या बायका, काठीवाले आजोबा, खेड्यावरची बावरलेली माणसं, यांच्याशीच. शिकलेल्या, मोटारीतून आलेल्या माणसांकडे ते जायचे नाहीत. मला वाटलं, आता यांनी राजरोस धंदा मांडला. मग दुसरीही शंका आली की हा माणूस धर्माचा प्रचार करतोय, पत्रकं वाटतोय. एक दिवस मी लिंबाच्या झाडामागं उभा राहून ऐकलं. एक अक्कलकोटकडचे आजोबा होते, निम्मं कानडीत बोलत होते.

"घरात काय म्हनत्यात तुमाला? कागदावर हाय ते नगं, घरातलं नाव सांगा," मामा विचारत होते. "आनि बसनार कुटं? हितंच? उठलात तर मला सांगून उठा. मी आल्याबिगर हलायचं न्हाय."

एवढंच. आजोबांनी काही दिलं नाही, मामांनी काही घेतलं नाही. यावरून एखाद्याला काही उमगलं असतं. मला मात्र एवढंच वाटलं की मामांनी मला झाडामागं पाहिलं असणार, म्हणून आज हात आखडता घेतला.

त्याच वर्षी त्यांनी मला नाताळाला घरी जेवायला बोलावलं. इतकी वर्षं नाही आणि आताच का, म्हणून मी जरा बिचकतच गेलो. दोन खोल्यांचं घर, शेजारी तेलुगू बोलणारी विणकरांची घरं, बोळात पाण्याची पिंपं, कारण पाणी पाच दिवसांनी यायचं. रूथमामींनी करंज्या केल्या होत्या. पाळकसाहेबही जेवायला होते, तरुण, गोरटेले, बोलायला मऊ. जेवताना विषय मामांनीच काढला.

"मला एक सांगा, पाळकसायेब. तुमी म्हनता तितं आपल्या बाजूनं बोलायला प्रभूच उभा ऱ्हानार."

"हो. तोच आपला कैवारी."

"म्हंजे न्यायाधीशाचा पोरगा आरोपीचा वकील. आमच्याकडं असं झालं की केस दुसऱ्या कोर्टात पाठवत्यात."

पाळकसाहेब हसले. "तिथं दुसरं कोर्ट नाही, मामा. आणि हीच तर कृपा आहे. आपण विश्वास ठेवला की आपल्या पापांची क्षमा झालेली आहे."

"कोन करनार क्षमा?"

"देव."

"आनि ज्याचं नुकसान झालं त्यो? त्येला इचारनार का न्हाय?" मामांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "माज्यामुळं एखादीचं घर गेलं. ती तितं येऊन बसली, आपला नंबर कधी येतोय म्हनून. आनि तिला कळलं, आरोपी तर कवाच सुटला, तुला बोलवायची गरजच पडली न्हाय. परत तिचा पुकारा न्हायच झाला की वो. मग हितल्या कोर्टात आनि तितल्या कोर्टात फरक काय ऱ्हायला?"

पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही देवाच्या क्षमेवर संशय घेताय, मामा."

"घेतोय खरा. एवढं सस्त्यात मिळतंय म्हनल्यावर कायतरी गोम असंल, असं वाटतं मला."

"धुतलेलं लुगडं परत परत घासत बसायची सवय हाय त्यांना," रूथमामी आतून म्हणाल्या. "माज्या विश्वासालाबी भोकं पडायची वेळ आली."

सगळे हसले. मामांनी 'माज्यामुळं' म्हटलं होतं, म्हणजे पाळकासमोर कबुलीच दिली होती. माझा अंदाज खरा ठरला याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मला आत कुठंतरी भीती वाटली आणि कशाची ते कळलं नाही. करंजी न खाताच मी उठलो.

मामा निवृत्त झाले त्या सुमाराला कोर्टात दाव्यांचे नंबर दाखवणारे पडदे लागले. लाल आकडे बदलतात, माणसं मोबाइलवर आपली तारीख बघतात. मामा एकदा पेन्शनच्या कामाला आले होते, तेव्हा पडद्याकडे मान वर करून बराच वेळ बघत उभे राहिले. "ह्याला गळा न्हाय," एवढंच म्हणाले.

मीही दोन वर्षांनी निवृत्त झालो. एकदा मंडईत मामा भेटले. खांद्याला पिशवी, तोंड उन्हानं काळवंडलेलं. मोडनिंबला उतरून पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून ते सोनाबाईच्या गावी जाऊन आले होते.

"कशाला गेला होता?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तिला सांगायला. तुजा पुकारा एकदाच झाला हुता, बाई, तुजं काय चुकलं न्हाय, असं."

"मग?"

"न्हाय ती. चार वर्सं झाली म्हनं. भावजयीनं पानी दिलं, केळीची फनी दिली वाटंला. गेली तवर म्हनत हुती म्हनं, कोर्टानं माजं नावच घेतलं न्हाय." मामांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आता हितलं संपलं, भाऊसायेब. आता जे काय सांगायचं ते तितंच, तिच्या म्होरं."

त्या क्षणी मला हायसं वाटलं. एक बाई मेली हे ऐकून मला हायसं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण तसं झालं. मी मामांना उसाचा रस पाजला आणि घाईनं घरी आलो.

गेल्या उन्हाळ्यात रूथमामींचा फोन आला. मामांच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. "तुमची आठवन काढत्यात सारखी. येऊन जावा," त्या म्हणाल्या. मी दोन दिवस गेलो नाही. माझी आठवण का काढतात, हेच मला कळेना. काही लिहून ठेवलं असेल, सही मागतील, कोणाला तरी साक्षीला बसवलं असेल, असं काय काय मनात आलं. माझं पेन्शन चालू होतं. इतक्या वर्षांनी जुनं उकरून कोणाचं भलं होणार होतं? तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही चपला शोधताय. मग गेलो.

मामा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. छातीचा भाता जोरात चालत होता, कानाच्या पाळ्या आणखी मोठ्या वाटत होत्या. पाळकसाहेब शेजारी होते, स्टुलावर प्रभुभोजनाच्या विधीसाठी द्राक्षरसाचा छोटा पेला आणि भाकरीचा तुकडा ठेवला होता. माझी भीती खरी ठरली, पण कागद कुठं दिसला नाही.

"बसा, भाऊसायेब," मामा म्हणाले. "ह्ये भोजन घ्यायच्या आदी मला कबूल करायचंय. तुमी तितं हुतात म्हनून बोलावलं."

ते पाळकसाहेबांकडे वळले आणि एकेका श्वासावर एकेक वाक्य बोलू लागले. सोनाबाईचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हणाले, "मी पहिला पुकारा केला. जिन्याकडं. मग मला आत..." आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसंच, जसं ती बाई ओला पदर घेऊन दारात उभी असताना पाहिलं होतं. मग त्यांनी वाक्य बदललं. "मग मी आत गेलो. दोन पुकारे केलेच न्हाईत. ह्यो माजा गुन्हा."

आणि मला आठवलं. मामा स्वतः आत आले नव्हते. त्यांना आत मी बोलावलं होतं. पहिला पुकारा होताच मी हाळी दिली होती, "मामा, आधी ती नकाशाची फाईल आणा, साहेब मागतायत." साहेबांनी मागितली नव्हती. ती पुढच्या दाव्याची फाईल होती. त्या दिवशी मला अर्धी रजा घेऊन मोडनिंबला मेहुण्याच्या वास्तुशांतीला जायचं होतं आणि टेबल लवकर आवरायचं होतं. मामा फाईल घेऊन आले, परत दाराकडे वळले, तोवर माझी ओळ लिहून झाली होती आणि साहेबांनी दावा काढून टाकला होता. आठवलं म्हणतो, पण विसरलो तरी होतो का, हे मला आज सांगता येत नाही. साहेबांनी "दोन का नाही केले" म्हणून विचारलं तेव्हा मामा का गप्प बसले, ते मात्र त्या खाटेशेजारी मला कळलं. ते मला वाचवत होते आणि मी बाहेर येऊन म्हणत होतो, त्यांनाच विचारा.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब, तुम्ही तिथं होता. असंच झालं का?"

"हो," मी म्हणालो.

मामांनी मान हलवली. मग थोडा दम घेऊन म्हणाले, "तुमालाबी काय बोलायचं असंल तर बोला. पाळकसायेब हायत तवर."

"मी काय बोलणार? मी तुमच्या धर्माचा नाही."

"त्ये कोन इचारतंय," मामा म्हणाले.

खोलीत पंख्याचा आवाज होता. रूथमामी ओट्यापाशी उभ्या होत्या, त्यांनी नळ बंद केला. एक वाक्य होतं, ते बोलायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मामा थांबले होते. त्यांनी पेल्याला हात लावला नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो की ऊन वाढायच्या आत निघायला हवं.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकरी पेल्यात भिजवून मामांच्या ओठांना लावली. मामांनी ती बराच वेळ तोंडात धरली. क्षमा झाल्याचं पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "तुमी सांगताय तर असंल." विश्वास बसलेला दिसत नव्हता. चौथ्या दिवशी ते गेले. मातीला मी गेलो, पण मागं उभा राहिलो. पाळकसाहेब बोलत असताना माझ्या कानाशी वाकायला आता कोणी नव्हतं. माझा त्यांच्या त्या न्यायावर आजही विश्वास नाही. तरी एक गोष्ट छळते. असं काही खरंच असलं आणि त्या बाईसमोर मामांना विचारलं गेलं, तर ते तिथंही माझं नाव घेणार नाहीत.

मी मामांना शेवटचं जिवंत पाहिलं ते त्या भोजनाच्या दिवशी, निघताना. पाळकसाहेब पुढं गेले होते. रूथमामी त्यांना सोडायला बोळात उतरल्या होत्या, तिथूनच त्यांनी मला विचारलं, "झोपले का वो?"

मी उंबऱ्यात उभा होतो. मागं वळून पाहिलं. मामा जागे होते. उशीला टेकून माझ्याकडेच बघत होते, डोळ्यांत राग नव्हता, मी अजून काहीतरी बोलेन अशा अपेक्षेनं ते बघत होते.

"हो, झोपले," मी म्हणालो आणि चपला घातल्या.